देवाची इच्छा कोणी कोणाला सांगावी?

दफनविधी आटोपून घरी आलेल्या विधवेला लोक सांगतात, ‘देवाची इच्छा!’ आयसीयूच्या बाहेर बसलेल्या बापाला सांगतात. कंपनी बंद पडून घरी बसलेल्याला, ठरलेले लग्न मोडलेल्या मुलीला, मूल न झालेल्या जोडप्यालाही हेच सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कळवळाच असतो. काय बोलावे ते सुचत नाही, गप्प राहवत नाही, म्हणून हे शब्द तोंडून निघतात. पण बोलणारा आणि सोसणारा इथे एक नसतो. ज्याचे काही गेलेले नाही तो, ज्याचे सगळे गेले आहे त्याला, देवाच्या मनात काय होते ते समजावून सांगत असतो.

देवाच्या इच्छेचा स्वीकार हा ख्रिस्ती प्रार्थनेचा कळस आहे, यावर माझी पूर्ण श्रद्धा आहे. म्हणूनच हे शब्द स्वस्त झालेले मला पाहवत नाहीत. माझे म्हणणे असे की, स्वीकार माणसाने स्वतःच्या दुःखाबाबत करायचा असतो, आणि तोही मागून, रडून, देवाशी भांडून झाल्यावर. दुसऱ्याच्या दुःखाबाबत आपल्याला नेमून दिलेले काम निराळे आहे. त्याच्यासाठी मागायचे आणि त्याच्यासाठी झिजायचे. ही वाटणी उलटी झाली, स्वतःसाठी हट्ट आणि दुसऱ्यासाठी स्वीकार असा व्यवहार सुरू झाला, की प्रार्थना निर्दय होते.

मी भूगावात राहतो. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की बावधनच्या पुढे येणारे हे मुळशी तालुक्यातले गाव. आत जुने गावठाण, भोवती गेल्या काही वर्षांत उठलेल्या सोसायट्या. या सोसायट्यांत नगर-जालन्याकडची, वसईची, केरळची, ईशान्येकडची ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आहेत. रविवारची उपासना ज्याच्या त्याच्या मंडळीत, शहरात. आठवड्यातली एक संध्याकाळ मात्र कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी अंथरून प्रार्थनासभा होते. ‘उपासनासंगीता’तली दोन गीते, त्यातले एक बहुधा ना. वा. टिळकांचे, मग शास्त्रवाचन, आणि मग ‘विषय’ घेतले जातात. विषय लिहायला दोनशे पानी वही आहे. पट्टीने आखलेले तीन रकाने: तारीख, विषय, उत्तर. विषय आपल्या सगळ्यांच्याच घरातले. बायोप्सीचा रिपोर्ट, मुलाचा व्हिसा, थकलेला गृहकर्जाचा हप्ता, दारू सुटत नसलेला भाऊ, गावाकडच्या जमिनीची तारीख. उत्तर मिळाले की तिसऱ्या रकान्यात निळ्या शाईने लिहितात, ‘प्रभूची स्तुती असो’, आणि त्या घरचा माणूस उभा राहून साक्ष देतो.

त्या वहीबद्दल मला आदर आहे. दुसऱ्याच्या घरातली चिंता स्वतःच्या हाताने लिहून घेणारी माणसे या शहरात फार नाहीत. पण वहीची मागची पाने उलटली की तिसरा रकाना कितीतरी ठिकाणी कोरा दिसतो. ज्यांचे रकाने कोरे राहिले त्यांच्यातली काही माणसे हळूहळू सभेला येईनाशी झाली. त्यांना कुणी काही लागट बोलले असे नाही. दर आठवड्याला इतरांच्या साक्षी ऐकायच्या आणि आपल्याजवळ सांगण्यासारखे काहीच नाही, हे त्यांना सोसले नसावे. ‘तुमच्या बाबतीत देवाची इच्छा वेगळी असेल’ असे प्रेमाने म्हणणारे कुणीतरी असतेच. त्या वाक्याने विषय मिटतो. तो माणूसही मग आपल्या हिशेबातून सुटतो.

पवित्र शास्त्र काय सांगते ते पाहू. गेथशेमाने बागेतल्या रात्री प्रभू येशूने पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याआधी त्याने काय केले? पुढ्यातला दुःखाचा प्याला टळावा म्हणून त्याने विनंती केली. एकदा करून थांबला नाही, पुन्हा उठून गेला आणि तेच मागितले. अतिशय खिन्न झाल्याचे त्याने शिष्यांपासून लपवले नाही, उलट आपल्याबरोबर जागे राहा म्हणाला. देवाच्या पुत्रालाही स्वीकारापाशी पोचायला मागण्याची वाट चालावी लागली, आणि आपण शेजाऱ्याला ती वाट न चालताच थेट मुक्कामावर पोचायला सांगतो!

दावीद राजाची गोष्ट तर याहून उघड आहे. त्याचे तान्हे मूल आजारी पडले तेव्हा तो सात दिवस उपाशी, जमिनीवर पडून होता. घरातली वडीलधारी माणसे उठवायला आली तरी उठला नाही. मूल गेल्यावर त्याला सांगायची सेवकांना भीती वाटत होती, इतका त्याने आकांत मांडला होता. पण मूल गेल्याचे कळताच तो उठला, अंघोळ केली, मंदिरात जाऊन देवाला नमन केले आणि घरी येऊन जेवायला बसला. सेवक चक्रावले. त्यांच्या दृष्टीने क्रम उलटा होता. दावीदाच्या दृष्टीने तो सरळ होता. जोवर काही होऊ शकत होते तोवर त्याने देवाचे पाय सोडले नाहीत, आणि होऊन गेल्यावर देवाला सोडले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच विश्वासातून आल्या. दीडशे स्तोत्रांतली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. प्रार्थनेच्या पुस्तकातच तक्रारीला एवढी जागा ठेवलेली असताना तक्रार करणाऱ्याला अविश्वासू ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

स्वतःसाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरे, ही वाटणीही शास्त्रातच आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातले अब्राहामाचे दोन प्रसंग पाहा. सदोम नगरीचा नाश होणार असे कळते तेव्हा तो देवाची वाट अडवून घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? करता करता तो दहापर्यंत येतो. त्या नगरीत त्याचा पुतण्या होता हे खरे, पण त्याने एकट्या पुतण्यासाठी मागितले नाही, सगळ्या नगरीसाठी मागितले. पुढे त्याच्या स्वतःच्या मुलाची, इसहाकाची बळी म्हणून मागणी झाली तेव्हा त्याने वाद घातल्याची एक ओळही तिथे नाही. तो पहाटे उठला आणि निघाला. इसहाकाच्या कथेने अंगावर काटा येतो, आणि यावा. पण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की अब्राहामाला विश्वासाचा बाप का म्हणतात ते कळते. परक्यांसाठी तो देवाशी वाद घालू शकत होता, आणि स्वतःसाठी गप्प राहू शकत होता. आपल्यातल्या बहुतेकांचे नेमके उलटे असते.

ईयोबाचे मित्र हे या उलट्या व्यवहाराचे नमुने. ते आले, सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर मुकाट बसले. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि देवाची बाजू मांडायला सुरुवात केली. दुःखामागे देवाचे कारण असणार, ते कारण तुझ्यात असणार, तू मान्य कर. ईयोब मात्र देवाला जाब विचारत राहिला. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो या वकिलांवर. जाब विचारणारा ईयोबच आपल्याविषयी खरे बोलला, असे तो म्हणतो. दुसऱ्याच्या दुःखात देवाची वकिली करणाऱ्याला देवाचाच हा निकाल पुरेसा व्हावा.

या विचाराचे जगून दाखवलेले उदाहरण आमच्याच पुणे जिल्ह्यात आहे. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंबद्दल बोलताना त्यांची विद्वत्ता, समाजसुधारणा आणि धर्मांतराचा वाद एवढेच बोलले जाते. त्यांच्या प्रार्थनेबद्दल मराठी वाचक फारसे बोलत नाही, आणि ख्रिस्ती माणूस बोलतो तेव्हा तिचा चमत्कार करून टाकतो. मला त्यात वेगळेच काही दिसते.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने रमाबाईंना. पुराण सांगत सगळे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि बहीण पाठोपाठ गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास १८८०मध्ये गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले, आणि १८८२मध्ये पतीही गेले. पंचविशीही न गाठलेल्या या बाईजवळ उरली ती तान्ही मनोरमा. १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षण घ्यायच्या इराद्याने, पण कमी ऐकू येत असल्याने तो मार्गही बंद झाला. त्याच वर्षी वाँटेजला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इतके सोसलेल्या बाईने ‘देवाची इच्छा’ म्हणून एखाद्या मठात उरलेले आयुष्य काढले असते तर तिला कुणी दोष दिला नसता. रमाबाई परत आल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. तिथे आलेल्या कितीतरी मुली बालविधवा होत्या. त्यांच्या वाट्याला आलेले जगणे हे त्यांच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ते निमूट भोगावे, असे त्यांना घरीदारी सांगितलेले होते. रमाबाईंनी हे एका दिवसासाठीही मान्य केले नाही. सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी, आनंदीबाई कर्वे झाल्या. ज्यांचे आयुष्य संपले असे समाजाने ठरवले होते, त्यांचे आयुष्य तिथे सुरू झाले.

१८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळात आई-बाप आणि बहीण गमावलेल्या बाईला त्या छावण्यांत काय दिसले असेल, हे वेगळे सांगायला नको. त्यांनी शेकडो मुली आणि बाया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले. १९००च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या जवळपास दोन हजारांवर गेली. एवढ्यांच्या जेवणाचा भार रमाबाईंनी प्रार्थनेवर टाकला होता. ब्रिस्टलला हजारो अनाथ मुले प्रार्थनेच्या बळावर वाढवणारे जॉर्ज म्यूलर हा त्यांच्यापुढचा आदर्श होता. पण केडगावला प्रार्थनेबरोबर शेती होती, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता, अंध मुलींसाठी वेगळी व्यवस्था होती. तिथल्या बाया पहाटे प्रार्थनेला बसत आणि उठून कामाला लागत. प्रार्थनेने काम अडले नाही, आणि कामाला लागताना त्यांना प्रार्थना सोडावीही लागली नाही.

मग १९२१ साल आले. मनोरमा चाळीस वर्षांची होती. शाळेचा भार तिच्यावर होता, अंध मुलींना ब्रेल शिकवण्याचे काम तिने उभे केले होते, आणि आपल्यामागे मुक्तीचे काम तीच बघणार असे रमाबाईंनी योजले होते. २४ जुलै १९२१ रोजी ती गेली. हजारो परक्या मुलींना वाचवणाऱ्या बाईची एकुलती एक मुलगी. त्या वेळी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम करत होत्या. अल्पशिक्षित बायकांना ते स्वतः वाचता यावे एवढ्यासाठी त्यांनी दोन्ही भाषा शिकून घेतल्या होत्या, आणि खिळे जुळवण्यापासूनची कामे मुक्तीतल्या बायाच करत. मनोरमा गेल्यावर ते काम थांबले नाही. अखेरच्या दिवसांपर्यंत त्या त्याचीच मुद्रिते तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी, लेकीनंतर नऊ महिन्यांच्या आत, त्या गेल्या.

त्या नऊ महिन्यांत त्यांच्या मनात काय चालले होते हे कुणाला कळणार? पण हाताने काय केले ते आपल्यापुढे आहे. दुष्काळातल्या मुलींचे मरण देवाची इच्छा म्हणून त्यांनी कधी स्वीकारले नाही. स्वतःच्या मुलीचे मरण मात्र स्वीकारले, आणि त्या स्वीकारातही परक्या बायकांसाठीचे काम चालू ठेवले. ख्रिस्ती स्वीकार कसा असतो असे मला कुणी विचारले तर मी केडगावकडे बोट दाखवीन.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो विश्वासणाऱ्यांकडूनच येतो. देव सर्वसमर्थ आहे, त्याच्या इच्छेवाचून पानही हलत नाही, मग जे घडते ती त्याचीच इच्छा नव्हे काय? याचे उत्तर द्यायला मला लांब जावे लागत नाही. आमचाच पौड रस्ता पुढे मुळशी धरणाकडे जातो. १९२१च्या एप्रिलमध्ये, रामनवमीला, तिथे मावळे सत्याग्रहाला बसले. मुंबईसाठी वीज हवी म्हणून टाटा कंपनीचे धरण होणार होते आणि त्यांची भातखाचरे, घरे, देवळे पाण्याखाली जाणार होती. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ‘जान किंवा जमीन’ म्हणत ते तुरुंगात गेले. धरण झालेच. गावे बुडाली. हे देवाने ठरवले होते असे म्हणायचे का? कागदपत्रे माणसांनी केली, कायदा माणसांनी वापरला, मोबदलाही माणसांनीच ठरवला. माणसांच्या निर्णयावर देवाचा शिक्का मारला की निर्णय करणारे मोकळे सुटतात. जगात घडणारी प्रत्येक गोष्ट देवाच्या इच्छेने घडत असती तर प्रभूने आपल्या शिष्यांना पित्याची इच्छा पृथ्वीवर पूर्ण व्हावी असे मागायला शिकवलेच नसते. ती अजून पूर्ण होत नाही, म्हणून तर मागायचे. जे चालले आहे ते तसेच चालू नये, असे आपण ती मागणी करताना म्हणत असतो.

मराठी ख्रिस्ती माणसाने तर हे विसरताच कामा नये. नगर आणि जालना भागातल्या आमच्या कितीतरी मंडळ्या महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले त्या काळात या माणसांना सांगितले जात होते की तुमचे गावकुसाबाहेरचे जगणे हे विधिलिखित आहे. आमच्या पूर्वजांनी ते नाकारले. ख्रिस्ताकडे येण्यामागे इतर कारणेही असतील, पण हा नकार त्यात नक्की होता. ज्यांच्या पणज्या-पणजोबांनी प्रारब्धाचे जोखड मानेवरून उतरवले, त्यांनीच आज देवाच्या इच्छेचे नाव देऊन ते दुसऱ्याच्या मानेवर ठेवावे, याहून मोठी कृतघ्नता नाही. सुनेचा छळ होत असताना तिला सहन कर म्हणणे, कंत्राटी कामगाराला मिळेल त्यात समाधान मान म्हणणे, ही त्याच जोखडाची आजची रूपे आहेत.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. बुद्धिवादी मित्र विचारतो, ‘मागितलेले मिळाले तर देवाने ऐकले म्हणता, नाही मिळाले तर देवाची इच्छा म्हणता. मग तुमची प्रार्थना चुकीची ठरणार तरी कधी?’ प्रश्न रास्त आहे. प्रार्थना हे हवे ते मिळवण्याचे साधन असेल, तर त्याने आपल्याला बिनतोड पकडले आहे. म्हणून आधी आपण प्रामाणिक व्हावे. एखाद्याचा ताप उतरला हे देव असल्याचा पुरावा म्हणून पुढे करू नये. केले, तर शेजारच्या खाटेवर ज्याचा ताप उतरला नाही त्याचाही हिशेब द्यावा लागेल. साक्षीच्या वेळी फक्त बऱ्या झालेल्यांना उभे करणे हा आपल्या सभांमधला अप्रामाणिकपणा आहे. महाराष्ट्रात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याचे औषधोपचार रोखून मंत्राने बरे करू पाहणे हा त्यानुसार गुन्हा आहे. प्रार्थनेच्या नावाखाली कुणाच्या इन्सुलिनला किंवा केमोथेरपीला हात लावणाऱ्या उपदेशकाला विरोध करायला आपल्याला त्या कायद्याची वाट पाहावी लागू नये. मिरजेच्या मिशन इस्पितळासारखी इस्पितळे ज्या विश्वासाने उभारली, तो विश्वास औषधाला कधी घाबरला नाही.

हे सगळे मान्य करून मी मित्राला सांगीन, की प्रार्थना मुळात मिळकतीसाठी नाही. मूल आईजवळ मागते तेव्हा मागितलेली वस्तू मिळणे महत्त्वाचे असतेच, पण मागायला कुणीतरी आहे हे त्याहून आधीचे असते. देवावर विश्वास ठेवणे म्हणजे निकालाची खात्री बाळगणे नव्हे. नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, हे मोठे शास्त्री. रमाबाईंच्या विचारांवर त्यांच्या लेखनाचा खोल परिणाम झाला. पण ते स्वतः बाप्तिस्म्यानंतरही आयुष्यभर शंकांनी पोळत राहिले आणि तरीही प्रार्थना करत राहिले. शंका असताना हात जोडणे हा दांभिकपणा नाही. ज्याला सगळे उलगडलेले आहे त्याला विश्वास ठेवायचे कारणच काय?

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, आपल्यातला रोग आहे. ‘तुमचा विश्वास कमी पडला.’ बरे न झालेल्याला असे सांगणारे उपदेशक यूट्यूबवर आणि मोठ्या सभांत उदंड झाले आहेत. आजाऱ्याला आधी आजार असतो, मग आजाराचा दोषही त्याच्याच पदरात टाकला जातो. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, आणि तो निघाला नाही. रमाबाईंचे कान बरे झाले नाहीत. त्यांचा विश्वास कुणाहून कमी होता?

स्वीकाराला वेळही लागतो, आणि तो ज्याचा त्याने घ्यायचा असतो. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांना ती देवाची हाक वाटत होती आणि तिच्यासाठी त्यांनी मोठी किंमत मोजली. पण त्या किमतीतला मोठा वाटा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी भरला. एका माणसाच्या आज्ञापालनाने एका बाईचा संसार मोडला. पुढची काही वर्षे दोघे वेगळी राहिली. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला त्या वर्षांतला त्यांचा कोंडमारा ठाऊक आहे. त्या नवऱ्याकडे परतल्या, पुढे १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्माही घेतला, पण जातपातीच्या आणि सोवळ्याओवळ्याच्या गाठी त्यांनी स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने सोडवल्या. १८९५मध्ये त्यांना कुणी ‘देवाची इच्छा आहे, मान्य करा’ असे सांगितले असते, तर ते त्यांच्या दुःखाचा अपमान करणारे ठरले असते. देवाची हाक मला आली म्हणून तिची किंमत माझ्या घरच्यांनी हसतमुखाने भरावी, असे म्हणता येत नाही. ती किंमत देवापुढे माझ्याच नावावर लिहिली जाते.

मग आमच्यासारख्या लहान प्रार्थनागटांनी काय करावे? मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, साक्षीच्या वेळेत कोऱ्या रकान्यांनाही जागा द्यावी. ज्याचे मागणे पुरे झाले नाही त्यानेही उभे राहावे आणि काय हरवले ते सांगावे. त्याच्या बोलण्याच्या शेवटी कुणी उपदेश करू नये, विलापाचे एखादे स्तोत्र वाचावे आणि पुरे. दुसरी, वहीत चौथा रकाना आखावा: ‘कोण जाणार’. बायोप्सीचा विषय घेतला तर रिपोर्ट आणायला कोण बरोबर जाणार, हप्त्याचा विषय घेतला तर बँकेत कोण बसणार, दारूचा विषय घेतला तर भावाला व्यसनमुक्ती केंद्रात कोण नेणार. ज्या विषयापुढे या रकान्यात नाव लिहायला कुणी तयार नाही, त्याची प्रार्थना आपण अजून सुरूच केलेली नाही असे समजावे. तिसरी, ‘देवाची इच्छा’ हे शब्द ज्याचे दुःख आहे त्याच्या तोंडून येईपर्यंत इतरांनी उच्चारू नयेत. ते कधीच आले नाहीत तरी त्याची सोबत सोडू नये.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो बायबल मराठीत आणत होते, आणि त्याच काळात हिरवी वसई वाचवण्यासाठी रस्त्यावरही उतरत होते. त्यांच्या लेखी ही एकच उपासना होती. भूगावातही हेच व्हावे असे मला वाटते. देवावर भिस्त टाकलेला माणूस स्वतःपुरता निश्चिंत होतो. आपले काय होईल या भीतीतून तो सुटतो, आणि त्या भीतीत खर्च होणारे बळ दुसऱ्यासाठी मोकळे होते. अशा माणसाला रुग्णालयात रात्र काढायला, छळणाऱ्याच्या दारात उभे राहायला, सरकारी कचेरीत पाचव्यांदा जायला फारसे अवघड वाटत नाही. देवाच्या इच्छेचा माझा स्वीकार खरा आहे की पोकळ, हे मी स्वतःच्या संकटात किती शांत राहिलो यावरून कळणार नाही. शेजाऱ्याच्या संकटात मी किती अस्वस्थ झालो, आणि त्या अस्वस्थतेने मला उठवून कुठे नेले, यावरूनच ते कळेल.